क्यूजीआयएस: सांगली-साताऱ्याकडच्या पोरापोरींनी प्रोजेक्टला वापरावं का?

आधी निकाल सांगून टाकते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापलाय ते पुढं येईलच. हा रिव्ह्यू आपल्याकडच्या पोरापोरींसाठी आहे, म्हणजे सांगली, मिरज, कराड, सातारा, विटा, जत इकडं भूगोलात एमए-एमएस्सी करणारे, पर्यावरणवाले, ॲग्रीवाले, सिव्हिलवाले आणि हल्ली समाजशास्त्र नि इतिहासाचे विद्यार्थीपण नकाशे काढायला बघतात, त्यांच्यासाठीसुद्धा. मी भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर, आणि प्रोजेक्टचा सीझन आला की लॅबमधे पोरं घोळका करून बसलेली असतात, त्यामुळं हे सॉफ्टवेअर रोजच्या हाताखालचं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीआयएस म्हणजे नकाशा आणि त्याच्या मागचा तक्ता एकत्र. नकाशावर तासगाव तालुक्यातलं एक गाव क्लिक केलं की त्याची लोकसंख्या, विहिरी, द्राक्षाखालचं क्षेत्र, जे काही तुम्ही भरलं असेल ते समोर येतं, आणि उलटं पण, "नदीपासून एक किलोमीटरच्या आत कुठली गावं येतात" असं विचारलं की ती निवडून मिळतात. क्यूजीआयएस हे ते काम करणारं सॉफ्टवेअर. 2002 ला गॅरी शर्मन यांनी सुरू केलं, तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं, 2013 पासून नुसतं क्यूजीआयएस. जगभरातले लोक मिळून ते बनवतात आणि जीपीएल लायसन्सखाली ते पूर्ण फुकट आहे. फुकट म्हणजे तीस दिवसाची ट्रायल नव्हे, नकाशावर वॉटरमार्क येत नाही, कुठलं टूल कुलूपबंद नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं.

आता हे फुकट असणं आपल्याकडं किती मोठी गोष्ट आहे ते सांगते. समजा कॉलेजच्या लॅबमधे पैसे भरून घेतलेलं जीआयएस सॉफ्टवेअर आहे. चांगलंच असतं ते, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लायसन्स लॅबच्या चार-पाच मशीनला, लॅब पाचला बंद, आणि जतहून नाहीतर आटपाडीहून येणाऱ्या मुलीला शेवटची सोयीची एसटी गाठायची असते, मग ती नकाशा शिकणार कधी? ती तक्त्यातले आकडे एक्सेलमधे घालून बार डायग्राम काढते आणि प्रोजेक्ट उरकते. तीच मुलगी घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाकून रात्री बसली तर महिन्याभरात लॅबमधल्या सगळ्यांच्या पुढं जाते, हे होताना बघितलंय म्हणून सांगते. आणि पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक सॉफ्टवेअर कृपया घेऊ नका. व्हायरस येतो ते एक, पण उद्या तुमचा पेपर छापायचा असेल आणि पद्धतीत सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं असेल तर काय लिहिणार? क्यूजीआयएसचं नाव आणि व्हर्जन नंबर ताठ मानेनं लिहिता येतो.

डाउनलोडचं बघा. इन्स्टॉलर एक जीबीच्या आसपास आहे, तेव्हा कॉलेजच्या वायफायवर घ्या. साइटवर दोन प्रकार दिसतील, एक अगदी नवं आणि एक एलटीआर म्हणजे जास्त काळ सांभाळलं जाणारं. नवं व्हर्जन साधारण दर चार महिन्यांनी येतं, एलटीआर वर्षातनं एकदा बदलतं. प्रोजेक्टवाल्यांनी डोळे झाकून एलटीआर घ्यावं आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत अपडेट करू नये. रॅम 8 जीबी असेल तर आरामात, 4 जीबीवर पण चालतं फक्त अख्ख्या जिल्ह्याची सॅटेलाईट इमेज एकदम उघडायची नाही, आधी आपल्या तालुक्यापुरती कापून घ्यायची.

आता कामाचं. पहिला अडथळा प्रत्येकाला येतो तो प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचा, आणि इथंच निम्मे प्रोजेक्ट बिघडतात. डाउनलोड केलेला बहुतेक डेटा अक्षांश-रेखांशात असतो, त्या पद्धतीचं नाव डब्ल्यूजीएस 84, ईपीएसजी 4326 (ईपीएसजी म्हणजे प्रत्येक पद्धतीला दिलेला ठरलेला नंबर). त्यावर नदीभोवती 500 चा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा पट्टा, काढला तर सॉफ्टवेअर 500 अंश समजतं, मीटर नाही. उतार काढला तर सगळा जिल्हा नव्वद अंशाचा कडा दिसतो, मिरजेची सपाट जमीनसुद्धा! क्यूजीआयएस बफरच्या खिडकीत एककाशेजारी इशारा दाखवतं पण तो छोटा असतो, पोरं बघत नाहीत. आपला सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे यूटीएम या मीटरमधे मोजणाऱ्या प्रोजेक्शनच्या 43 उत्तर झोनमधे येतात, ईपीएसजी 32643. हा एक नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अंतर, क्षेत्रफळ, उतार, बफर काढायच्या आधी लेयर (नकाशातला एकेका माहितीचा थर) त्यात बदलून सेव्ह करायचा. नुसतं प्रोजेक्टचं प्रोजेक्शन खालच्या कोपऱ्यातनं बदलून चालत नाही, लेयर नव्यानं एक्सपोर्ट करावा लागतो, हा फरक नीट समजून घ्या.

टोपोशीटचं, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाचं, पण तेच. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी शीट, सांगली-मिरजेसाठी 47 एल/9, स्कॅन करून जिओरेफरन्स करताना, म्हणजे खऱ्या जागेवर बसवताना, लोक कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश बघून थेट डब्ल्यूजीएस 84 म्हणून टाकतात. ती जुनी शीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत, त्यामुळं नकाशा शंभरावर मीटर सरकतो आणि मग म्हणतात कृष्णेनं पात्र बदललं. नदी तिथंच आहे, शीट सरकलंय. आधी त्याच जुन्या मापावरच्या कल्याणपूर 1975 या पद्धतीमधे बसवायचं आणि मग बदलून घ्यायचं, क्यूजीआयएसमधे दोन्ही आहे, पैसे नाहीत, फक्त माहिती पाहिजे. बसवून झाल्यावर आयर्विन पूल किंवा मिरज जंक्शनजवळचे रूळ सॅटेलाईट इमेजवर जुळतात का ते बघा, खात्री होते.

महापुराबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सांगलीत दर दोन प्रोजेक्टमधला एक पुरावरच असतो, आणि असावाच, आपल्या घरादारावरनं गेलंय ते. 2005, 2019, 2021. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट आणि 2019 च्या ऑगस्टमधे पाणी 57 फुटांच्या वर गेलं. विषय ठरलेला असतो, "57 फुटाला शहराचा कुठला भाग बुडेल त्याचा नकाशा". आणि पद्धत पण ठरलेली, एसआरटीएमचा उंचीचा डेटा घ्यायचा, रास्टर कॅल्क्युलेटरमधे (पिक्सेलच्या आकड्यांवर गणित करायचं टूल) एक आकडा टाकायचा, त्याच्या खालचं सगळं निळं करायचं. पंधरा मिनिटात नकाशा तयार, दिसतो पण सुंदर.

पण त्या डेटाकडं नीट बघा. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मधे एंडेव्हर यानानं अकरा दिवसात रडारनं मोजलेली पृथ्वीची उंची. एक पिक्सेल 30 मीटरचा. उंची पूर्ण मीटरमधे, मधला अपूर्णांक नाही. आणि मोजणाऱ्यांनी स्वतःच ठरवलेली चुकीची मर्यादा 16 मीटरपर्यंत, सपाट भागात प्रत्यक्षात बरीच कमी येते पण काही मीटर राहतेच. आता आपला हिशोब करा, 45 फूट आणि 57 फूट यात फरक 12 फुटांचा, म्हणजे 3.66 मीटर. ज्या फरकानं सांगलीत हजारो घरं बुडाली किंवा वाचली तो फरक त्या डेटाच्या चुकीतच बुडून जातोय! शिवाय ते रडार जमीन मोजत नाही, वरचा थर मोजतं, घरांची छपरं, झाडं आणि नदीकाठचा उभा ऊस. फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असतो, अर्धा ऊस तुटलेला अर्धा उभा, म्हणजे शेजारच्या दोन रानांच्या उंचीत उगीच फरक दिसणार. तो नकाशा घेऊन उद्या कुणी म्हणालं "आमची कॉलनी निळ्यात नाही, इथं प्लॉट घ्या" तर त्याची जबाबदारी कुणाची? मला हे फार लागतं, कारण हे नकाशे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. इथं आकडे खरे नसले तर माणसं खरी बुडतात.

अलमट्टीवरचे प्रोजेक्ट पण याच कारणानं डगमगतात. धरणाची पूर्ण पातळी 519.6 मीटर, मग एसआरटीएमवर ती रेघ ओढून "फुगवटा इथपर्यंत" असं दाखवतात. नदीच्या पाण्याखालचा तळ रडारला दिसत नाही, वाहत्या पाण्याचा फुगवटा सपाट रेघेसारखा नसतो, त्याला नदीचे आडवे छेद, विसर्ग आणि पाण्याच्या पातळीच्या नोंदी लागतात आणि मग हेक-रास सारखं मॉडेल, तेपण फुकट आहे म्हणा. एवढा मोठा प्रश्न, दोन राज्यांत त्यावर वाद चाललाय, तो लघुशोधप्रबंधात एका रेघेनं सोडवायला जाऊ नका. त्यातला एखादा छोटा तुकडा घ्या.

मग पुरावर करायचं काय? खूप काही आहे. युरोपियन स्पेस एजन्सीच्या सेंटिनेल-1 सॅटेलाईटचा रडार डेटा फुकट मिळतो. रडारला ढगाचा अडथळा नाही, आणि ऑगस्टमधे आपल्याकडं आभाळ कधी मोकळं असतं? सेंटिनेल-2 किंवा लँडसॅटचे फोटो त्या दिवसांत पांढरे ढगच दाखवतात. रडारमधे शांत पाणी काळं दिसतं कारण लहर आरशासारखी पलीकडं निघून जाते, परत येत नाही. पुराच्या आधीची इमेज आणि पुरातली इमेज शेजारी ठेवली की हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापासून वर पलूस-वाळव्याच्या काठापर्यंत काळा पट्टा किती रुंद झाला ते स्पष्ट कळतं. दोन मर्यादा मात्र लिहाच. सॅटेलाईट ठराविक दिवसांनीच वरनं जातं, साधारण बारा दिवसांनी, त्यामुळं सर्वोच्च पाणी ज्या दिवशी होतं तो दिवस चुकू शकतो. आणि दुसरी, भिंतीपाशी पाण्यावरनं आणि भिंतीवरनं लहर दोनदा उसळून परत येते, म्हणून दाट वस्तीत पाणी असूनही ते काळं दिसत नाही. म्हणजे गावभाग, मारुती चौक, जिथं माणसांच्या घरात पाणी शिरलं, तिथंच हा नकाशा सगळ्यात कमी बोलतो.

त्या जागी पाय मळवावे लागतात. क्यूजीआयएसचं मोबाईलवरचं भावंड आहे क्यूफील्ड, लॅपटॉपवर फॉर्म बनवायचा, फोनमधे टाकायचा, नेट नसलं तरी चालतं. गल्लीत जायचं, भिंतीवर पुराची खूण अजून असते, कुणी तारीख लिहून रेघ मारलेली असते, नाहीतर घरातल्या आजी सांगतात "हितवर आलं होतं बघ". रस्त्यापासून त्या खुणेपर्यंत टेपनं मोजायचं, फोटो घ्यायचा, पॉइंट सेव्ह. फोनचा जीपीएस मोकळ्या जागेत तीन ते पाच मीटरपर्यंत जागा बरोबर दाखवतो पण उंचीत खूपच चुकतो, म्हणून उंची फोनवरनं लिहून घेऊ नका, खोली टेपनंच मोजा. अशा शंभर-दीडशे खुणांचा नकाशा केलात तर तो आयुष्यभर उपयोगाचा आहे, महापालिकेला पण उपयोगी पडेल. याच्यासारखा प्रोजेक्ट नाही. आणि जाताना नीट बोला लोकांशी, त्यांच्या वाईट दिवसांबद्दल विचारतोय आपण, एखाद्या ताईनं "नको आता ते" म्हटलं तर नमस्कार करून पुढं जायचं.

दुष्काळी पट्ट्यातल्या पोरांसाठी, म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव, वेगळा खजिना आहे. सेंटिनेल-2 चा 10 मीटरचा डेटा, त्यातनं एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, काढायचा, बँड 8 वजा बँड 4 भागिले दोन्हीची बेरीज, क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमधे एका ओळीचं काम. हिरवळ जास्त तर आकडा एकाकडं, उघडी जमीन शून्याच्या जवळ. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यावर काय बदललं हे बघायला लँडसॅट 5 पासूनच्या, म्हणजे 1984 पासूनच्या इमेज फुकट आहेत. फक्त एक करा, एका वर्षाची मे महिन्याची आणि दुसऱ्या वर्षाची ऑक्टोबरची इमेज जोडून "हिरवळ वाढली" म्हणू नका, महिना तोच घ्या आणि त्या-त्या वर्षीचा पाऊस शेजारी मांडा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय योजनेला जातं, नाहीतर उलटं.

इथं मला गावाकडच्या पोरांना ओरडून सांगावंसं वाटतं की तुम्हाला जे माहीत आहे ते सॅटेलाईटला माहीत नाही, आणि ते तुम्ही प्रोजेक्टमधे लिहीत का नाही? तासगाव-मिरजेकडं एप्रिलमधे खरड छाटणी होते, ऑक्टोबरला फळ छाटणी. छाटणीनंतर बाग उघडी पडते, त्या आठवड्यातली इमेज घेतली तर कोट्यवधीच्या द्राक्षबागा नकाशात पडीक म्हणून येतात. आटपाडीत डाळिंबाला बहार धरायच्या आधी ताण देतात, पानगळ करतात, तेव्हा एनडीव्हीआय खाली जातो आणि प्रोजेक्टमधे लिहिलेलं असतं "दुष्काळामुळे पिकाची स्थिती खराब". झाड खराब नाही, शेतकऱ्यानं मुद्दाम थांबवलंय त्याला! आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला की दीड वर्ष रानात, म्हणजे एका वर्षाच्या एका इमेजवर उसाचं क्षेत्र काढलं तर लहान लागण सुटणारच. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरायचा, फेब्रुवारी-मार्चला काढायचा. हे सगळं ज्याच्या घरी शेत आहे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण मेथडॉलॉजीच्या प्रकरणात परदेशातल्या पेपरमधले परिच्छेद असतात आणि वडिलांना विचारलेलं एक वाक्य नसतं. इमेजची तारीख का निवडली याचं कारण म्हणून पीक कॅलेंडर लिहा, घरच्यांना विचारून लिहा, तो अभ्यासच आहे.

पाटण तालुक्यात जुलै 2021 ला मिरगाव, आंबेघरला दरडी पडल्या त्यानंतर तिकडच्या मुलांनी भूस्खलनाचे नकाशे करायला घेतले, त्यासाठी उतार, दिशा, ओढ्यांपासूनचं अंतर हे सगळं क्यूजीआयएसमधे होतं आणि डोंगरात एसआरटीएमची काही मीटरची चूक तेवढी नडत नाही. त्याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी वेगळं लिहावं, मी जास्त बोलत नाही.

गावांच्या सीमा आणि जनगणनेचा तक्ता जोडताना नावावर जोडू नका, 2011 च्या जनगणनेचा गाव कोड वापरा. कवठेमहांकाळ चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेलं असतं, बोरगाव सांगली जिल्ह्यातही आहे आणि साताऱ्यातही. आणि जॉइन केल्यावर सगळीकडं नल (NULL, म्हणजे रिकामं) दिसलं तर घाबरायचं नाही, एका तक्त्यात कोड अक्षर म्हणून असतो आणि दुसऱ्यात आकडा म्हणून, फील्ड कॅल्क्युलेटरनं प्रकार सारखा केला की जुळतं.

मराठीचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. मराठीत नकाशा काढता येतो, चांगला निघतो, माझ्या मते काढावाच, ग्रामपंचायतीत नेऊन दाखवला तर लोकांना वाचता आला पाहिजे ना. पण शेपफाईल या नकाशाच्या जुन्या फाईल प्रकारात मराठी घालायला गेलात तर रडाल. तिच्या कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तीन चिन्हांनंतर नाव कापलं जातं. शिवाय एन्कोडिंग यूटीएफ-8 नसेल तर सगळी प्रश्नचिन्हं. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फाईल प्रकार वापरा, क्यूजीआयएसमधे सेव्ह करताना तेच आधी सुचवतं, एकच फाईल असते, हे दुखणं नाही. शेपफाईल म्हणजे एक फाईल नसते हे पण लक्षात ठेवा, एसएचपी बरोबर एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे लागतात, आणि मैत्रिणीला मेल करताना नुसती एसएचपी पाठवतात, मग ती उघडत नाही म्हणून फोनाफोनी. फॉन्ट युनिकोडच पाहिजे, डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपीत टाइप करून आणलेली गावांची यादी इथं चालत नाही.

आता कापलेला अर्धा स्टार. एक, सगळ्यात जास्त पोरं अडतात ती जुन्या व्हिडिओमुळं. यूट्यूबवर जे शिकवणी व्हिडिओ आहेत त्यातले बरेच जुन्या व्हर्जनचे, त्यात जिओरेफरन्सर रास्टर मेनूत दाखवतात, आता तो लेयर मेनूत गेलाय. पाणलोट काढायला सगळे सागा या जोड-सॉफ्टवेअरची टूल दाखवतात, नव्या व्हर्जनमधनं सागा काढून टाकलंय, ते वेगळ्या प्लगइननं घ्यावं लागतं. नवशिक्याला वाटतं आपल्याच कॉम्प्युटरला काहीतरी झालंय आणि तो सोडून देतो. गोष्टी हलवल्या तर आतमधे तसं ठळक सांगायला पाहिजे. दोन, चुकीचे मेसेज. पायथनच्या लाल ओळी येतात त्यातनं बीएच्या पोरानं काय समजायचं? तीन, सेव्हचा घोळ. लेयरमधले बदल सेव्ह करणं वेगळं आणि प्रोजेक्ट सेव्ह करणं वेगळं, आणि टूल चालवल्यावर जो टेम्पररी लेयर तयार होतो तो क्यूजीआयएस बंद केलं की जातो. शेजारी छोटी चिपची खूण असते, ती दिसली की लगेच फाईल म्हणून सेव्ह करा. आणि प्रोजेक्टची क्यूजीझेड फाईल म्हणजे डेटा नव्हे, तिच्यात फक्त कुठली फाईल कुठं आहे याची नोंद असते. व्हायवाच्या दिवशी पेनड्राइव्हवर नुसती ती फाईल घेऊन आलेली पोरं बघितली की पोटात कालवतं, समोर एक्स्टर्नल बसलेत आणि स्क्रीनवर सगळे लेयर गायब. अख्खा फोल्डर उचलून आणा, डेटा आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमधे.

पैसे देऊन घ्यायच्या आर्कजीआयएसशी तुलना विचारतात म्हणून सांगते, कॉलेजमधे रीतसर लायसन्स असेल तर तेपण शिका, मदतीची पानं फार चांगली आहेत, कंपन्यांत नोकरीला विचारतात. पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला लागणारं असं काहीही नाही जे क्यूजीआयएसमधे होत नाही. गुगल अर्थ इंजिन वेगळ्या कामाचं, वीस-तीस वर्षांच्या शेकडो इमेज एकदम बघायच्या असतील तर तेच पाहिजे, अभ्यासासाठी फुकट आहे, नोंदणी करावी लागते, कोड लिहावा लागतो आणि नेट नसेल तर काहीच नाही. आपल्या इस्रोचं भुवन 2009 पासून आहे, तिथनं कार्टोसॅट सॅटेलाईटचा उंचीचा डेटा मिळतो, तो एसआरटीएमशी ताडून बघा. शिकायला डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाईन कोर्स आहेत, फी नाही, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर क्यूजीआयएसची मालिका आहे, तिथनं सुरुवात केलेली बरी.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हल्ली पैसे घेऊन प्रोजेक्टचे नकाशे करून देणारे आहेत. पाच नकाशे, भारत, महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, उंची, रंगीत छापून. ते पहिल्या प्रकरणात चिकटवायचे आणि पुढच्या शंभर पानात त्यांचा उल्लेख नाही. घेऊ नका ते. एकच नकाशा काढा पण त्याच्यामागं तुमचा प्रश्न असू दे, आमच्या गावातल्या हातपंपांना उन्हाळ्यात पाणी कुठं राहतं, एसटी न येणाऱ्या वाड्या कुठल्या, दहावीनंतर मुली ज्या गावातनं थांबतात ती गावं कॉलेजपासून किती लांब आहेत. हे सगळे भूगोलाचेच प्रश्न आहेत आणि गाईड सरांना नाहीतर मॅडमना असा विषय घेऊन गेलात तर बहुतेक जण खूश होतात. इमेजवरनं पीक, पाणी, वस्ती असं वर्गीकरण केलं असेल तर अचूकता तपासणी पाहिजेच, प्रत्यक्ष रानात जाऊन तपासलेले पॉइंट, आणि कॅपा (kappa, वर्गीकरण किती जुळलं ते सांगणारा आकडा, एक म्हणजे पूर्ण जुळलं) किती आला ते लिहा, कमी आला तरी खरा लिहा. 0.95 लिहिलेलं असतं आणि "पॉइंट कुठं घेतले" विचारलं की गप्प, तेव्हा समोरच्यालाही वाईट वाटतं हो.

छपाईचं सांगून थांबते. प्रिंट लेआउटमधे 300 डीपीआय ठेवा, पीडीएफ काढताना अक्षरं आउटलाईन म्हणून काढा म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. आणि प्रमाण आकड्यात लिहू नका, पट्टी टाका, कारण ए3 वर काढलेला नकाशा दुकानात ए4 वर छोटा केला की 1:50,000 हा आकडा खोटा होतो, पट्टी मात्र नकाशाबरोबर छोटी होते आणि बरोबरच राहते.